अकोल्याहून आणलेला ट्रान्सफॉर्मर

"बाई, तुमच्या पिशवीत काहीतरी जळून राहिलं."

चारुशीलेनं दचकून मागं पाहिलं. मागच्या बाकावरचा तरुण पुढं वाकला होता. उंच, सावळा, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... आणि डोळ्यांत खरीखुरी धास्ती.

"काही जळत नाहीये," ती पुटपुटली आणि मांडीवरची पिशवी तिनं आणखीनच घट्ट धरली.

तिथंच घोटाळा झाला. पासष्ट सालचा सप्टेंबर होता. सरहद्दीवर लढाई पेटलेली, आणि इकडे वऱ्हाडात गावोगाव हेरांच्या अफवा उठलेल्या. अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एस.टी.त एक तरुण बाई एकटीच बसलेली, पिशवीला जळका वास, आणि ती पिशवी छातीशी कवटाळलेली — लोकांना एवढं पुरे झालं. कोणीतरी 'बाँब' हा शब्द काढला. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका बाभळीखाली बस थांबली आणि भुरभुर पावसात सगळे उतारू खाली उतरले.

"उघडा पिशवी," कंडक्टर लांबूनच म्हणाला.

चारुशीलेनं पिशवीचा बंद सोडला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून तिनं एक लोखंडी ठोकळा बाहेर काढला. काळाठिक्कर पडलेला, कडेनं मेण ओघळून सुकलेलं, आणि चहूबाजूंनी तारा लोंबत असलेल्या. त्या तारा पाहून लोक आणखी दोन पावलं मागं सरले.

"रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आहे," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता आणि त्याचा तिला स्वतःलाच राग आला. "भिंतीतली वीज रेडिओला सोसेल अशी करून देतो. तो जळालाय. तसाच दुसरा आणायला निघालेय मी."

"रेडिओ?" एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "कोनाशी बोलता त्याच्यावर?"

"बाबा, त्याच्यावर कोनी बोलत नाही. आयकतात," मघाचा तरुण पुढं झाला. त्यानं तो ठोकळा उचलला, हुंगला आणि सरळ म्हाताऱ्याच्या हातात ठेवला. "आमच्या घरचा असाच गेला होता. हाच वास. घ्या, पाहा तुमी बी. काही होत नाही."

म्हाताऱ्यानं तो असा धरला की जणू तान्हं पोर. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. बस पुन्हा चालू झाली तेव्हा चारुशीलेच्या केसांवरून पाणी निथळत होतं आणि मागून आवाज आला —

"चुकलं माझं. तोंडातून निघून गेलं."

तिनं पदरानं केस पुसले.

"माझं नाव भगवंत. शेंदूरजनाघाटचा आहे. अकोल्याच्या शेती कॉलेजात शिकवतो." मागचा बाक करकरला. "तुमाले राग आला असंल तं बोलू नका. पण बसस्टँडजवळच्या दुकानातून तेवढा ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. आमी तिथूनच घेतला होता. चकचकीत होता... महिना काढला नाही त्यानं. जाताजाता पूर्ण रेडिओ घेऊन गेला."

आता मात्र चारुशीलेला मागं वळावंच लागलं. कारण नेमकी हीच भीती घेऊन ती घरून निघाली होती. अमरावतीचे रेडिओ दुरुस्त करणारे देवराव तिला बजावून म्हणाले होते, "ताई, या मापाचा माल माझ्याकडं नाही. अकोल्याला मिळेल. पण हलका उचलून आणू नका. हा जळाला तेव्हा बाकीचा सेट नशिबानं वाचलाय. पुढच्या वेळी नाही वाचणार."

आणि तो सेट वाचायलाच हवा होता. तिचा धाकटा भाऊ वसंता पंजाबच्या सरहद्दीवर होता. त्याचं पत्र येऊन खूप दिवस झाले होते. तिची आई रमाबाई सकाळ-संध्याकाळ बातम्या संपल्याशिवाय पान वाढून घेत नसे. रेडिओ बंद पडला आणि अंबापेठेतल्या त्या घरात अफवा शिरल्या. कोणी सांगे आपली पलटण पुढं गेली, कोणी सांगे मागं आली, कोणी सांगता सांगता मध्येच गप्प होई — आणि आई त्या गप्प होण्यातूनच काय ते समजून घेई. वडील मोरोपंत वकील. कोर्टात समोरच्याला गप्प करणारा माणूस, पण घरी हल्ली नुसता ओट्यावर बसून राहायचा. शेवटी शाळेतून रजा काढून चारुशीलाच निघाली. निघताना आई म्हणाली होती, "पितृपक्षात नवीन वस्तू आणू नये गं..." आणि मग स्वतःच म्हणाली, "पण आण."

"लढाईच्या बातम्यांसाठी पाहिजे का?" भगवंतानं विचारलं.

"माझा भाऊ आहे तिकडे."

तो आपल्या बाकावर मागं सरकून बसला.  चारुशीलेला ते बरं वाटलं. अकोल्याला बस थांबल्यावर तो पिशवीकडे पाहत म्हणाला, "ओमप्रकाशजींचं दुकान मले माहीत आहे. तुमाले चालत असंल तं दाखवतो. मी पुढं चालतो, तुमी मागून या. सोबत आहो असं कोनाले वाटणार नाही."

"इतकं कशाला?" ती म्हणाली. "एका बसमधून उतरवलंत मला. आता रस्त्यावर भिऊन काय उपयोग?"

तो हसला. पहिल्यांदाच. आणि तिच्या लक्षात आलं की आपणही...

ओमप्रकाशजी गादीवर बसून पंख्यानं वारा घेत होते. मागच्या फळ्यांवर व्हॉल्व्हची खोकी, स्पीकर, तारांची भेंडोळी. चारुशीलेनं जळका ठोकळा पुढं ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा केला, त्यावरचे आकडे वाचले आणि एक लाल रंगाचा, नवा कोरा ट्रान्सफॉर्मर काढला.

"ये ले जाओ बहेनजी. एकदम नया माल. गॅरंटी."

तिनं तो उचलला. इतका हलका, की तिला उगाच संशय आला. भगवंतानं फळीवर बोट दाखवलं. "तो दाखवा जी. तो काळा, मोठा." तो खाली आला तेव्हा काउंटरची लाकडी फळी वाजली. "हा घ्या," भगवंत तिला म्हणाला. "वजनदार आहे. आत तांबं जास्त, लोखंड जास्त. तापत नाही लवकर."

"तुम्हाला खात्री आहे?"

तो घुटमळला. "खात्री... नाही. एकदा फसलेला माणूस आहे मी. तेवढीच माझी खात्री."

चारुशीला शाळेत गणित शिकवायची. उत्तर नुसतं सांगितलेलं तिला कधी पटत नसे. तिनं ओमप्रकाशजींना विचारलं, "हे रेडिओला जोडून पाहता येतील? दोन्ही. थोडा वेळ नाही... चांगला तापेपर्यंत."

ओमप्रकाशजींनी पंखा थांबवला. "पूरा दिन लग जाएगा."

"मग लागू द्या."

त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. काय वाटलं कुणास ठाऊक, पण कुरकुरत का होईना उठले. काउंटरवर एक उघडा, नुसत्या सांगाड्याचा रेडिओ होता. त्याला त्यांनी आधी लाल ट्रान्सफॉर्मर जोडला. व्हॉल्व्हच्या काचनळ्या हळूहळू तांबूस झाल्या. खरखर झाली आणि नागपूर केंद्रावरचं भजन सुरू झालं.

वाट पाहायची होती. बाहेर पाऊस वाढला. ओमप्रकाशजींनी चहा मागवला. दोन स्टुलांवर दोघं बसली, मध्ये पिशवी.

"कॉलेजात काय शिकवता?"

"फळबाग. संत्र्याची कलमं." तो जरा लाजला. "आमी माळी. बाप, आजा, समदे झाडाजवळच. मी शिकलो, तं आता दुसऱ्याच्या पोराले झाडाजवळ नेतो. तुमी?"

"गणित. मुली घाबरतात मला."

"मले बी भीती वाटून राहिली थोडी."

"बसमध्ये मला बाँब ठरवताना नाही वाटली?"

"तेव्हा पिशवीची वाटत होती," तो म्हणाला. "आता..." आणि चहा प्यायला लागला.

चारुशीलेनं चेहरा बाहेरच्या पावसाकडे वळवला. आपण हसतोय... वसंता तिकडे, आई घरी उपाशी, आणि आपण परक्या गावात एका परक्या माणसाशी बोलत हसतोय. हे मनात आलं मात्र, तिनं चहा खाली ठेवला. ती उठून काउंटरपाशी गेली आणि ट्रान्सफॉर्मरवर तिनं तळहात ठेवला. कोमट होता.

तेवढ्यात भजन थांबलं आणि बातम्या लागल्या.

निवेदकाचा आवाज शांत होता, फार शांत. पंजाबच्या आघाडीवर जोरदार चकमकी... शत्रूचं मोठं नुकसान... आपल्या बाजूलाही काही... मग एका भागाचं नाव आलं. वसंताच्या शेवटच्या पत्रात त्यांच्या तळाजवळच्या, एका मित्राच्या गावाचा उल्लेख होता. ते गाव त्याच भागातलं. चारुशीला ऐकत राहिली. पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं वाक्य... नुकसान म्हणजे किती, काही म्हणजे कोण...

"हात काढा." भगवंत तिच्या शेजारी येऊन उभा होता. "बाई, हात भाजून राहिला तुमचा."

तिला ऐकू आलं नाही. शेवटी त्यानंच तिचं मनगट धरलं आणि हात उचलला. तळवा लालबुंद झाला होता. लाल ट्रान्सफॉर्मर आता इतका तापला होता की त्याच्यावर बोट टिकेना. भगवंतानं मनगट लगेच सोडलं. मग इकडेतिकडे पाहून पाण्याचा तांब्या उचलला आणि तिच्या हातावर थोडं थोडं पाणी ओतत राहिला.

"भाऊ आघाडीवर गेल्यापासून माझी आई हे रोज ऐकते," ती म्हणाली. "रोज. आणि मी तिला सांगते, काही होत नाही, घाबरू नकोस."

"तुमाले कोन सांगते?"

 तिनं ओला हात पदरात गुंडाळला. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत. त्यानंही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

लाल ट्रान्सफॉर्मर बाद झाला. मग भगवंताचा काळा, जड ट्रान्सफॉर्मर जोडला. तो खरोखरच तापेना. पण त्यातून गुंईऽऽ असा आवाज येत राहिला, जणू आत मधमाश्या कोंडल्या होत्या.

"चालेल की," भगवंत म्हणाला. "थंड आहे."

"नाही चालणार. आई आवाज अगदी बारीक ठेवते, शेजारी कळू नये म्हणून. ही घरघर बातम्यांच्या वर येईल." तिनं कान जवळ नेला. "ह्याच्या लोखंडी पट्ट्या सैल आहेत. आत सगळं थरथरतंय."

"म्हंजे मी चुकलो."

"अर्धे."

ओमप्रकाशजी हे सगळं ऐकत होते. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक मध्यम आकाराचा, रंग न दिलेला ट्रान्सफॉर्मर घेऊन आले. पट्ट्या चारी कोपऱ्यांना घट्ट आवळलेल्या, बाहेर येणाऱ्या तारा जाड, प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाचं कापड. "ये अपने घर के लिए रखा था," ते म्हणाले. "आपका भाई फौज में है, पहले बोलना था ना."

तो जोडला. दुपार कलली तरी तो कोमटच्या पुढं गेला नाही, आणि आवाज ऐकायला चारुशीलेला कान अगदी टेकवावा लागला. दुसऱ्या बाजूनं भगवंतानंही कान लावला होता. मध्ये तेवढा ठोकळा. दोघांनी एकदमच वर पाहिलं, आणि एकदमच मागं झाली.

बसस्टँडवर तो म्हणाला, "लागला की नाही लागला, मले कसं कळेल?"

"बिघडला तर येईन की भांडायला."

"मंग तं बिघडो..."

"असं बोलू नका." तिचा चेहरा एकदम उतरला. "सध्या माझ्यासमोर असं काहीच बोलू नका."

त्याला ते लागलं. बस सुटेपर्यंत तो पावसात उभा राहिला, आणि तिला वाटत राहिलं की आपण फार तोडून बोललो.

देवरावांनी ट्रान्सफॉर्मर बसवला. संध्याकाळी बातम्या लागल्या तेव्हा आईनं डोळे मिटले. अमरावतीची वीज तशी लहरी. सगळ्यांनी दिवे लावले की मिणमिणायची आणि गिरण्या थांबल्या की दिवे भपकन मोठे व्हायचे. दर वेळी चारुशीला रेडिओच्या मागं हात घालून पाही. ठोकळा कोमटच असे. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की तिथं हात ठेवला की आपल्याला ट्रान्सफॉर्मर आठवत नाही. पाण्याचा तांब्या आठवतो... आणि तो प्रश्न.

युद्ध थांबलं. ती बातमी त्याच रेडिओवर ऐकली. पेठेत फटाके वाजले. पण पत्र आलं नाही. लढाई थांबूनही पत्र येत नाही, ह्याचा अर्थ काय, हे घरात कोणी बोलेना. घटस्थापना झाली. आईनं घटाजवळ अखंड दिवा लावला आणि त्याच्याशेजारीच बसून राहू लागली.

अशाच एका दुपारी भगवंत दारात उभा राहिला. गावाहून अकोल्याला परत निघाला होता, वाटेत उतरला आणि ओमप्रकाशजींच्या पावतीवरचा पत्ता विचारत आला. हातात केळीच्या पानात बांधलेली फुलं होती. "देवीसाठी," तो म्हणाला, "आमच्या मळ्यातली." आणि हळूच, "तुमी भांडायले आल्या नाही. म्हनून पाहायले आलो."

मोरोपंतांनी त्याला बैठकीत बसवलं. गाव विचारलं, शिक्षण विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर ते जरा वेळ सुपारी कातरत राहिले. मग फार आदरानं बोलू लागले. इतक्या आदरानं की आत चहा गाळणारी चारुशीला थबकली. वडील अशिलाला नाही म्हणताना असेच बोलत.

चहाचा पेला भगवंताच्या हातात गेला आणि बाहेर सायकलची घंटा वाजली.

तार होती.

मोरोपंतांनी लिफाफा घेतला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. लिफाफा काही फुटेना. आई घटाजवळून उठून चौकटीत येऊन उभी राहिली होती. शेवटी मोरोपंतांनी तो भगवंतापुढं धरला. "तुम्ही वाचा," ते म्हणाले. "मला दिसत नाहीये."

भगवंतानं तार मनाशी वाचली आणि पहिल्यांदा आईकडे पाहिलं. "आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे, आई. जखमी आहे. पुन्याच्या लष्करी दवाखान्यात आनलं त्याले."

आई होती तिथंच खाली बसली. कुठं लागलं, किती लागलं, तारेत काही नव्हतं. मोरोपंत पुन्हा पुन्हा तेच विचारत होते आणि भगवंत दर वेळी तितक्याच शांतपणे तेच उत्तर देत होता. मग तो उठला. "उद्याच्या गाडीची तिकिटं पाहतो मी," म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून गेला.

तो गेल्यावर मोरोपंतांनी चारुशीलेला ओट्यावर बोलावलं.

"मुलगा चांगला आहे," ते म्हणाले. "मी आंधळा नाही. पण चारू, हे इथंच थांबव. आपल्यात आणि त्यांच्यात फार अंतर आहे. आणि वसंता असा पडलेला असताना आईच्या जिवाला दुसरा घोर लावू नकोस."

ती मान खाली घालून उभी राहिली. वडिलांच्या बोलण्यात राग असता तर तिला बोलता आलं असतं. राग नव्हता, थकवा होता. थोड्या वेळानं भगवंत तिकिटं घेऊन आला. मोरोपंतांच्या चेहऱ्यावरून आणि तिच्या खाली गेलेल्या नजरेवरून त्याला सगळं कळलं असावं. त्यानं तिकिटं कोनाड्यात ठेवली. "मैनाबाईंनी दिव्यात तेल घालायचं कबूल केलं," तो आईला म्हणाला. मैनाबाई म्हणजे शेजारीण. वाटेत तिला सांगूनच तो आला होता. "पुन्याले कोन आहे तुमचं?"

"कोणी नाही रे बाबा," आई म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि निघाला. चारुशीलेकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून तिच्या मनात दोन भीत्या एकमेकींवर चढत होत्या. वसंताचे हातपाय धड असतील ना? आणि मागोमाग, लाजिरवाणी, पण काही केल्या न जाणारी दुसरी — तो आता कधीच येणार नाही. अशा वेळी हे सुचतंच कसं, म्हणून ती स्वतःला बोल लावी. आणि पुन्हा तेच.

अकोला आलं. फलाटावर गर्दी होती. आणि गर्दीतून एकेका खिडकीत डोकावत तो येत होता.

खिडकीशी येऊन त्यानं भाकरीचं फडकं आत दिलं, पाण्याची सुरई दिली. पण बोलला फक्त मोरोपंतांशी. "माझा दोस्त आहे पुन्याले, चंद्रभान. कॉलेजात आमी सोबत होतो. काल ट्रंककॉल लावला त्याले, ओमप्रकाशजींच्या दुकानातून. तो स्टेशनवर येईल, दवाखान्यात नेईल. त्याच्या घरी एक खोली रिकामी आहे. पाहिजे तितके दिवस राहा." त्यानं पत्त्याची चिठ्ठी गजातून आत सरकवली. "हे मी... दुसऱ्या कशासाठी नाही केलं. तसं मनात आनू नका."

मोरोपंत म्हणाले, "फार उपकार झाले." आणि त्यांनी नजर दुसऱ्या खिडकीकडे वळवली.

गार्डनं शिट्टी दिली. भगवंत एक पाऊल मागं सरला.

"थांबा," चारुशीला म्हणाली.

तो थांबला. गाडी अजून हलली नव्हती.

"कशासाठी नाही केलं म्हणालात?"

"बाई, आता... ही वेळ नाही."

"मग कधी येणार वेळ? गेला महिनाभर आमच्या घरात प्रत्येकजण वाट पाहतोय. पत्राची, तारेची, बातम्यांची. जे बोलायचं ते कोणी बोलत नाही."  वडिलांना ऐकू जात होतं, आईला ऐकू जात होतं, समोरच्या बाकावरच्या अनोळखी जोडप्यालासुद्धा. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मला कोण सांगतं घाबरू नकोस म्हणून. कोणी सांगत नाही. तुम्ही सांगाल का? ...जन्मभर?"

 गाडीला झटका बसला. भगवंत चालू लागला, मग धावू लागला, गजाला हात लावून.

"सांगीन," तो म्हणाला. "मले स्वतःले भीती वाटली तरी सांगीन."

फलाट संपला. हात सुटला.

 शेगाव आलं, तेव्हा सगळ्या डब्यानं देवळाच्या दिशेनं हात जोडले. आईनंही जोडले. मोरोपंत खिडकीबाहेर पाहत होते ते पाहतच राहिले. चारुशीला मांडीवर हात ठेवून बसली होती. आपण बोलून गेलो ह्याची धडधड होती, पण मन मात्र हलकं झालं होतं... आणि वडिलांच्या त्या पाठमोऱ्या मानेकडे पाहिलं की पुन्हा जड होत होतं. भुसावळला आईनं फडकं सोडून भाकरी काढली. मोरोपंतांनी आधी नको म्हटलं. मग त्यांनीही खाल्ली.

पुण्याला चंद्रभान आला होता. त्यानं टांगा ठरवला आणि त्यांना थेट दवाखान्यात नेलं. लांबच लांब वॉर्डात शेवटून दुसऱ्या खाटेवर वसंता उशीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डावा पाय मांडीपासून प्लॅस्टरमध्ये, आणि उजव्या हाताला भलंमोठं बँडेज. "पाय वाचला, आई," तो आधीच म्हणाला. "रडू नकोस. दोन बोटं गेली. म्हणून पत्र लिहिता आलं नाही."

आईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग ती बोलायला लागली ती थांबेना. रेडिओ जळाला ते, घट मांडला ते, तार आली ते. "इथं तुझ्यापर्यंत कसं पोचणार होतो रे आम्ही? भगवंतानंच सगळं केलं. तिकिटं काढली, राहायची जागा केली, वाटेत भाकरी आणून दिली."

वसंता थकलेला होता. त्यानं डोळे मिटले. "त्याचीच कृपा, आई," तो म्हणाला. "तिकडं पण त्यानंच वाचवलं."

चारुशीलेनं ओठ चावले. हसू येत होतं की रडू, तिला कळेना. ती मान वळवून उभी राहिली.

खाटेच्या पायथ्याशी उभे असलेले मोरोपंत खाकरले. हातातली टोपी त्यांनी एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली.

"तो भगवंत नव्हे रे," ते म्हणाले. "हा शेंदूरजनाघाटचा. आपल्या चारूचा."